मुक्काम बुलढाणे, मुक्काम चिखली

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक लहानसं पुस्तक बाहेर पडलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे, नाव 'स्त्रीपुरुष तुलना'. लिहिणारी बाई होती बुलढाण्याची, ताराबाई शिंदे. पुढे १९२७ साली महात्मा जोतीराव फुल्यांचं पहिलं सविस्तर मराठी चरित्र प्रसिद्ध झालं. लेखक पंढरीनाथ सीताराम पाटील आणि प्रकाशनाचं गाव चिखली. बुलढाण्याहून चिखली पंचवीसेक किलोमीटर. दोन्ही गावं घाटावरची, आणि दोन्ही गावांत आजही रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी करता करता इथे पिढ्या गेल्या.

या दोन पुस्तकांच्या मधली पंचेचाळीस वर्षं मला फार मोलाची वाटतात. मतदान, पक्ष, जाहीरनामा हे सगळं या गावांच्या वऱ्हाडात नंतर आलं. त्याआधी आलं ते छापील भांडण. आमंत्रण नसताना, हुद्दा नसताना, आपल्या नावानिशी चारचौघांत उत्तर द्यायचं, ही सवय आधी लागली. आणि ती लावणाऱ्यांत पहिल्या फळीत जी बाई होती, तिला कुठल्याच स्थानिक बोर्डात मत नव्हतं.

बुलढाणा तेव्हा काय होतं हे आधी पाहू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजाचा, असा हा अर्धवट मुलूख. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. सरकारला कापूस हवा होता, म्हणून रेल्वे आली, तार आली, टपाल आलं. त्याच टपालातून वर्तमानपत्रंही येऊ लागली, ही गोष्ट मात्र कुणाच्या हिशेबात नव्हती.

बुलढाणा हे कचेरीचं गाव. कापसाची धावपळ खाली पायनघाटात. वर घाटावर डेप्युटी कमिशनर, त्याचे कारकून, वकील, चपराशी आणि थंड हवा. या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. मराठा कुटुंब, इंग्रजी जाणणारं, थोडी जमीनही असलेलं. बापूजी सत्यशोधक समाजाचे. १८७३ साली फुल्यांनी पुण्यात समाज स्थापन केला, तेव्हापासूनच्या मंडळींत त्यांचं नाव घेतलं जातं. स्वतः त्यांनी इंग्रजीत 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज' नावाची पुस्तिका लिहिली होती. त्यांची ही मुलगी ताराबाई घरीच शिकली. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी तिला वडिलांनी शिकवलं. लग्न झालं, पण ती नांदायला गेली नाही. नवराच घरी राहायला आला. मूलबाळ नव्हतं. हेडक्लार्कच्या घरात वर्तमानपत्रं येत असणारच, आणि घरात रिकामा वेळ असलेली, चिडकी, वाचणारी एक बाई. पुढचा स्फोट व्हायला एवढं पुरे होतं.

ठिणगी पडली सुरतेला. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपलं नवजात मूल मारलं. विधवेला दिवस गेले म्हणजे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने ते लपवायचा प्रयत्न केला आणि सापडली. सुरतेच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. हायकोर्टात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी झाली. पण तोवर वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं होतं. पुण्याच्या 'पुणे वैभव'सारख्या सनातनी पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलं: बायका बिघडल्या, शिक्षणाने बिघडल्या, नव्या रीतीने बिघडल्या. खटल्यात पुरुष कुठेच नव्हता. मूल एकटीनेच झालं असावं अशा थाटात सगळं लिहिणं चाललं होतं.

ताराबाईंनी हे वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. संपादकाला पत्र पाठवून भागलं असतं. पण पत्र छापायचं की नाही हे संपादकाच्या हाती. त्यांनी सरळ पुस्तक केलं. विषय असा मांडला की स्त्रिया आणि पुरुष यांत खरोखर साहसी, म्हणजे पाप करायला धजणारं कोण, हे एकदा तपासून पाहू. सुरुवातीलाच सांगून टाकलं की हा आपला पहिलाच लिहिण्याचा प्रयत्न आहे, आपण घरात कोंडलेल्या आहोत आणि भाषेत खडबडीतपणा असेल. ही नम्रता पानभर टिकते. पुढे जे सुरू होतं ते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात दुसरीकडे मला सापडलेलं नाही.

पद्धत बघण्यासारखी आहे. जुन्या संस्कृत वचनांत बायकांच्या दुर्गुणांची यादी आहे: कपट, साहस, मूर्खपणा, लोभ, अविश्वास आणि पुढे बरंच काही. ताराबाई यादी नाकारत नाहीत. ती हातात घेतात आणि एकेक कलम पुरुषाला लावून बघतात. कपट? लाच खाणारा, खोटा दस्तऐवज करणारा, वेषांतर करून फसवणारा कोण? कचेरीतल्या हेडक्लार्कच्या मुलीला लाचेचा विषय ऐकीव नसणार. लोभ? साठीच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांची पोर विकत घेऊन देणारा कोण? मग ताराबाई नवरा-बायकोच्या मरणाकडे वळतात. नवरा मेला की बाईचं केशवपन, अलवण आणि अंधारी खोली. बायको मेली की हा गृहस्थ दिवस पुरे व्हायच्या आत दुसरी शोधतो. यांनी का नाही दाढीमिशा भादरून जन्मभर रानात जाऊन बसावं, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. देवांनाही सोडलेलं नाही. पुराणातल्या देवांनी काय काय केलं याचा पाढा वाचून त्या विचारतात, की पतीच देव म्हणता, तर मग देवांसारखंच वागणार का?

त्यांचा दुसरा मारा अजून झोंबतो. पुरुषांनी पगडी टाकली, बूट घातले, साहेबाच्या टेबलावर जेवले, तेव्हा धर्म बुडाला नाही. बाईने रीत मोडली की मात्र धर्म बुडाला! धर्म राखायची सगळी जोखीम बाईच्या अंगावर टाकून पुरुष मोकळा, हा हिशेब त्यांनी बरोबर पकडला. त्या काळच्या नाटकं-कादंबऱ्यांनी बायकांचं जे चित्र रंगवलं त्याचाही त्यांनी समाचार घेतला. आणि हे सगळं कुठल्या भाषेत? म्हणी, टोमणे, शिव्यांच्या काठावरचे शब्द, माजघरातल्या भांडणाचा सूर. एखाद्या पंडिताने खंडन लिहावं तसं हे नाही. वाड्याच्या ओट्यावर उभं राहून गल्ली ऐकेल असं बोलणं आहे, फक्त गल्लीच्या जागी पुणं आहे. काही ठिकाणी त्या वाहवतात. इंग्रज राज्याचं कौतुक जरा जास्तच करतात. वेश्यांविषयी लिहिताना त्यांचीही दया आटते. पण त्या कुणाच्या वतीने मागणं मागत नाहीत. त्या जाब विचारतात.

गंमत अशी की सरकारचंही 'जाब विचारू द्या' असंच काहीसं त्या वर्षी चाललं होतं. देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपनने १८८२ च्या सुरुवातीला रद्द केला. मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा त्याचा प्रसिद्ध ठराव निघाला. पण आदल्याच वर्षी सुरू झालेल्या 'केसरी'च्या टिळक-आगरकरांना कोल्हापूरच्या दिवाणाच्या अब्रुनुकसानीबद्दल १८८२ मध्येच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ऑक्टोबरात फुल्यांनी हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षणाचं निवेदन ठेवलं. एका वर्षात एवढं सगळं. वऱ्हाडात स्थानिक स्वराज्याच्या ठरावाची फळं १८८५ च्या कायद्याने आली आणि जिल्ह्या-तालुक्यांची बोर्डं सुरू झाली. त्यात बसायचे ते सारा भरणारे, कचेरीला ओळखीचे, साहेबाला चालणारे पुरुष. रस्ते, कोंडवाडे, शाळा, दवाखाने हा त्यांचा कारभार. ही आपली पहिली निवडणुकीची राजकीय शाळा म्हणून पाठ्यपुस्तकात येते. येऊ दे. माझ्या मते खरा तास दुसरीकडे भरला होता.

पण त्या तासाला शिकवणारीची गत काय झाली? पुस्तकावर टीकेची झोड उठली. सनातन्यांनी तर केलीच. सत्यशोधक वर्तुळातल्या मंडळींनाही ते पचलं नाही. शेटजी-भटजींना झोडणं वेगळं आणि स्वतःच्या घरातला पुरुष झोडून घेणं वेगळं. फुले मात्र उभे राहिले. १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख चिरंजीविनी असा केला, त्यांच्या पुस्तकाची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. स्वतःच्या माणसांच्या धास्तीची त्यांना नवलाई नव्हती. त्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिले भाग सत्यशोधकांच्या 'दीनबंधू' पत्रात आले आणि पुढचे छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे कचरले, तेव्हा फुल्यांनी आपल्याच पत्राच्या भित्रेपणाबद्दल लिहून ठेवलं आहे. तरी एवढ्याने ताराबाईंचं मन राखलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा काही प्रसिद्ध केलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पाचशे प्रती कुठे जिरल्या ते जिरल्या.

त्याच १९१० साली, नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्याच्या अंगाला, मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं. तरवडीसारख्या खेड्यात छापखाना, खेड्यातूनच टपाल. मुकुंदराव हे 'दीनबंधू'चे संस्थापक कृष्णराव भालेकरांचे पुत्र, दत्तक गेलेले. 'दीनबंधू' १८७७ ला पुण्यात निघालं, पुढे मुंबईला गेलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचं संपादन तानुबाई बिर्जे यांनी केलं, हेही सांगायला हवं. सत्यशोधकांच्या छापील जगात बाई अगदीच नव्हती असं नाही. पण खेड्यातून निघणारं पत्र ही वेगळीच गोष्ट. संपादकीयात पुण्याचा सूर नाही, वाचकाला पुण्याची भाषा येण्याची अट नाही. मुकुंदराव 'कुळकर्णी लीलामृत'सारखं विडंबन लिहीत, पोथीच्या ओवीतच पोथीवाल्याची टर उडवीत.

हे पत्र वऱ्हाडात वाचलं जाई. आता 'वाचलं जाई' म्हणताना आजचा एकट्याने वाचणारा माणूस डोळ्यांपुढे आणू नये. गावात अंक एक, अक्षर येणारा एक, ऐकणारे पंचवीस. पारावर, चावडीवर, कधी शिंप्याच्या दुकानात. वाचणारा थांबतो, कुणीतरी आपल्या गावचं उदाहरण देतो, कुणी उठून जातो. आणि मग गावातलं काही पत्रात जातं: अमक्या गावी भटाविना लग्न लागलं, तमक्या ठिकाणी वतनदार जोश्याने दक्षिणेसाठी तक्रार केली, शाळेत मास्तर येत नाही, सावकाराने व्याजावर व्याज लावलं. दूरच्या तालुक्यातल्या माणसाला कळतं की हे आपल्याच गावात होत नाही. माझ्या मते राजकारण इथे सुरू होतं. आपला त्रास हा नशिबाचा भाग नसून अनेकांचा आहे, म्हणजे त्यावर काही करता येईल.

अक्षर नसणाऱ्यांसाठी जलसा होता. तमाशाचाच साज: ढोलकी, तुणतुणं, गण, गवळण, पुढे बतावणी. पण कृष्ण आणि गवळणींच्या जागी भटजी, सावकार, कुळकर्णी आणि त्यांना प्रश्न विचारणारा सत्यशोधक नायक. रात्रभर हसता हसता सकाळी गावात दोन तट पडलेले असत. हा विनोद सभ्य नव्हता, त्यातली ब्राह्मण स्त्रियांची थट्टा तर आज वाचवत नाही. पण लोकांना वाद ऐकायची, मग स्वतः वाद घालायची चटक लागली ती या रात्रींत. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले त्याचीही पायवाट हीच.

मग मतं आली. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांच्या कौन्सिलांना निवडणुका मिळाल्या. सारा किंवा कर भरणाऱ्यांना मत. रयतवारी वऱ्हाडात त्यामुळे बऱ्याच कुणबी-मराठा-माळी खातेदारांच्या हाती पहिल्यांदा मत आलं. पण वऱ्हाड अजूनही कागदावर निजामाचाच. १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांकडे आला होता आणि मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला होता. परक्या संस्थानिकाची प्रजा ब्रिटिश कौन्सिलात निवडून कशी येणार? तोडगा निघाला तो असा: वऱ्हाडात निवडणूक घ्यायची आणि निवडून आलेल्या माणसाला सरकारने मग 'नेमायचं'. म्हणजे आमचा पहिला लोकप्रतिनिधी लोकांनी निवडला आणि सरकारी दप्तरात मात्र तो नेमणुकीचा. मध्य प्रांताच्या नागपूरच्या कौन्सिलात १९२३ नंतर स्वराज्य पक्षाने बहुमताने असा धुमाकूळ घातला, की १९२४ मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवून टाकला. पुढच्याच वर्षी त्याच पक्षाचे अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे सरकारी कार्यकारी मंडळात जाऊन बसले आणि पक्ष फुटला. फोडाफोडी ही आजची देणगी समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वऱ्हाडातला ब्राह्मणेतर शेतकरी या सगळ्याकडे बघत होता. काँग्रेस म्हणजे वकील आणि सावकार, सरकार म्हणजे साहेब; आपलं कोण? या प्रश्नाला इतिहासाची गरज होती. एक पूर्वज हवा होता आणि त्याचं नाव नेमकं तेव्हा पुण्यात गाजत होतं. १९२५ साली केशवराव जेध्यांनी पुणे नगरपालिकेत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला. ठराव पडला, पण त्या निमित्ताने फुले कोण होते यावर चिखलफेक झाली. ख्रिस्ती हस्तक इथपासून अडाणी माळी इथपर्यंत. उत्तरादाखल दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका काढली, त्यात टिळक आणि चिपळूणकरांवर तोंड सोडलं. खटला झाला, जवळकर, जेधे आणि साथीदारांना शिक्षा झाली आणि १९२६ च्या ऑक्टोबरात अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडून त्यांना सोडवलं. पुस्तिका आज वाचली तर तिच्यातला राग समजतो, भाषा समजावून घ्यावी लागते. गेलेल्या माणसाला शिव्या देऊन जिवंतांचं राजकारण करायचं, ही रीत तेव्हा दोन्ही बाजूंनी पक्की झाली आणि ती अजून मोडलेली नाही.

जवळकरांनी शिवीला शिवी दिली. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी दुसरं काम पत्करलं: हा माणूस होता कोण ते लिहून काढायचं. तरुण वय, पुण्यातलं ग्रंथालय दाराशी नाही, फुल्यांची पुस्तकं बाजारात नाहीत. फुले १८९० मध्ये गेले; त्यांना पाहिलेली माणसं सदतीस वर्षांनी हयात होती, पण म्हातारी. आणखी दहा वर्षं गेली असती तर फार थोडं हाती लागलं असतं. १९२७ चं हे पुस्तक भक्तिभावाने लिहिलेलं आहे. नायकाच्या चुका शोधण्याचा त्यात उत्साह नाही. तरी त्यानंतर फुल्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला या चरित्राकडे यावं लागलं. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र १९६४ चं, समग्र वाङ्मय सरकारने काढलं ते १९६९ ला. म्हणजे पुतळा पुण्यात अडला आणि चरित्र वऱ्हाडातून निघालं. राजधानीने नाकारलेली गोष्ट तालुक्याच्या गावाने करून दाखवली, याचा बुलढाणेकरांना जितका अभिमान असायला हवा तितका मला दिसत नाही.

तेच १९२७ साल सगळीकडे पेटलेलं होतं. मार्चमध्ये महाडचं चवदार तळं, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत', नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी परिषद आणि तिचे अध्यक्ष आंबेडकर. त्या आंदोलनात पुढे होते ते पंजाबराव देशमुख. डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन. वर्तमानपत्राचं मोल आंबेडकरांना चांगलं ठाऊक होतं: १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नव्हती. आणि याच १९२७ मध्ये मध्य प्रांताच्या कौन्सिलने स्त्रियांना मताधिकार दिला. अटी त्याच, मालमत्तेच्या. म्हणून संख्या नगण्य.

इथे एक गोष्ट खटकते आणि ती झाकून पुढे जाणं बरं नव्हे. बायकांना मत मिळालं त्या वर्षी, शिंद्यांच्या बुलढाण्यापासून बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर, फुल्यांचं चरित्र लिहून झालं. आणि फुल्यांनी जिला लेक म्हटलं तिचं पुस्तक त्या वेळी चळवळीत कुणाच्या ओठावर नव्हतं. ब्राह्मणेतर चळवळीने शेतकरी, माळी, पाटील उभे केले. त्यांतले अनेक पुढे बोर्डांत, कौन्सिलांत, सहकारी संस्थांत गेले. पंजाबराव १९३० ला कौन्सिलात आले आणि मंत्री झाले, स्वतंत्र भारतात केंद्रीय कृषिमंत्री. पण सत्ता हाती आली ती घरातल्या पुरुषाच्या. चळवळीचा वारसा पाटीलकीच्या वारशासारखाच मुलाकडे गेला. गावकुसाबाहेरच्यांनीही लवकरच आपली वेगळी वाट धरली, त्यालाही कारणं होती. ताराबाईंनी १८८२ मध्ये विचारलेला जाब सुधारकांइतकाच सत्यशोधकांनाही लागू होता, म्हणूनच तो विसरणं दोघांच्या सोयीचं पडलं असावं.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. लोकसभेसाठी बुलढाणा-अकोला हा दोन जागांचा मतदारसंघ. सारा भरण्याची अट गेली, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. मतदार याद्या करायला माणसं दारोदार गेली तेव्हा देशात एक अडचण आली: अनेक ठिकाणी बायका नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही म्हणून बजावलं. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. स्वतंत्र देशाच्या पहिल्याच मतदानात नाव नाही म्हणून मत नाही. सत्तर वर्षांपूर्वी एका बाईने आपलं नाव पुस्तकावर छापून नऊ आण्यांना विकायला ठेवलं होतं, हे या २८ लाखांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावं.

'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा वाचकांसमोर आली १९७५ मध्ये. जुन्या पुस्तकांच्या शोधात असणाऱ्या स. गं. मालशे यांनी ती प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. मधे त्र्याण्णव वर्षं गेली. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि जगभरच्या विद्यापीठांत ती नेमली गेली. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाईंचं नाव आहे. मालशे यांना मिळालेल्या एका प्रतीवर हे सगळं उभं राहिलं.

बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद इथल्या जुन्या घरांना म्हणून एक सांगणं आहे. माळ्यावर 'दीनमित्र'चे अंक असतील, जलशाची हस्तलिखित वही असेल, भटाविना लागलेल्या लग्नाची पत्रिका किंवा आजोबांच्या नावे आलेलं एखाद्या संपादकाचं कार्ड असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नका. आधी गावच्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या इतिहासाच्या मास्तरांना नेऊन दाखवा.